ओढणाऱ्या लॅबला पट्टा कोणता घ्यावा?

प्रश्न असा आहे. घर गुहागरजवळ, समुद्र पाच मिनिटांवर. लॅब्राडॉर, नर, दीड वर्षाचा, वजन ३२ किलो. रस्त्यावर इतका ओढतो की सासूबाईंनी त्याला फिरवणं सोडून दिलं आहे. पुळणीवर मोकळा सोडला की हाकेला येत नाही. दुकानदार सांगतो, आतून काटे असलेली साखळी घ्या. पुण्याचा भाऊ म्हणतो, रिमोटने शॉक देणारा पट्टा मागव, आठ दिवसांत सरळ होईल. दोन्हींपैकी कोणता घेऊ?

ताई, दोन्ही नकोत. छातीवर कडी असलेला हार्नेस (गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती बसणारा पट्ट्यांचा साज) घ्या, गळ्यात फोन नंबरची पट्टी अडकवायला साधा चपटा पट्टा ठेवा आणि पुळणीसाठी दहा मीटरची लांब दोरी आणा. सामान एवढंच. ते का, कसं घालायचं आणि आपल्या खाऱ्या हवेत टिकवायचं कसं, ते आता सविस्तर सांगतो. शेवटच्या मुद्द्यावर फारसं कोणी बोलत नाही, पण आपल्या किनारपट्टीवर बरेच कुत्रे सुटतात ते गंजलेल्या हुकामुळे.

आधी तो का ओढतो, ते बघू. चार पायांच्या, ३० किलोच्या कुत्र्याची सहज चाल माणसापेक्षा जलद असते. तो काही मुद्दाम तुम्हाला छळत नाही. त्यात आजवर प्रत्येक फेरीत त्याला एकच धडा मिळाला आहे: ओढलं की पुढे जायला मिळतं. वाळत घातलेल्या माशांकडे त्याने झेप घेतली, तुम्ही चार पावलं फरफटत गेलात, त्याला वास घेता आला. त्याच्या हिशेबाने काम फत्ते. हा हिशेब उलटा करायला सहा-आठ आठवडे लागतात आणि तेवढे दिवस कुत्रा हातातून सुटू नये, त्याला इजाही होऊ नये, एवढंच पट्ट्याकडून मागायचं. शिकवायला तुमचा वेळ आणि खिशातला खाऊ लागतो. तो भार पट्ट्यावर टाकला की लोक काट्यांकडे आणि करंटकडे वळतात.

गळा ही नाजूक जागा आहे. श्वासनलिका, थायरॉइड, मोठ्या रक्तवाहिन्या, सगळं तिथेच, हाताच्या रुंदीत. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाने कृत्रिम मानेवर वेगवेगळे पट्टे चढवून ओढ दिली आणि दाब मोजला. २०२० मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात इजेचा धोका टळेल असा एकही पट्टा निघाला नाही. त्यात रुंद आणि गादीवालेही आले. त्याआधी २००६ मध्ये पशुवैद्यांनी दाखवलं होतं की गळ्यातल्या पट्ट्याने ओढलं तर कुत्र्याच्या डोळ्यातला दाब वाढतो, हार्नेसने ओढलं तर वाढत नाही. म्हणून पग, शित्झू यांसारखी बसक्या नाकाची, श्वासनलिका कमकुवत असलेली पॉमेरेनियन आणि डोळ्यांचं दुखणं असलेली कुत्री यांच्या गळ्याला दोरी लावूच नये. तुमचा लॅब धडधाकट आहे, पण रोज अर्धा तास खरखर आवाज करत गळ्यावर भार टाकून चालणं त्यालाही परवडणारं नाही.

आता ती काटेरी साखळी. दुकानात हातात घेऊन बघा. प्रत्येक कडीची दोन टोकं आत वळलेली असतात, कुत्रा ओढेल तशी साखळी आवळते आणि टोकं चारी बाजूंनी मानेत रुततात. दुकानदार सांगतो, आई पिल्लाला मानेला धरते ना, तसंच हे. दीड वर्षाच्या, ३२ किलोच्या पिल्लाला मानेला धरून नेणारी आई मला अजून भेटायची आहे. (हिमालयातले मेंढपाळही कुत्र्यांना खिळ्यांचा पट्टा घालतात, पण त्याचे खिळे बाहेरच्या बाजूला असतात, बिबट्याने मान धरू नये म्हणून. आपल्याकडे विकतात तो उलटा.)

उपयोग होतो का? पहिल्या दिवशी होतो, म्हणून तर खपते. दुखतं म्हणून कुत्रा थांबतो. पुढच्या वळणावर शेजाऱ्यांचं कुत्रं दिसतं, हा खेळायला झेपावतो, टोकं रुततात. असं चार-पाचदा झालं की त्याच्या डोक्यात पक्कं बसतं: दुसरं कुत्रं दिसलं की मान दुखते. मग तो लांबूनच गुरगुरायला लागतो आणि घरचे म्हणतात, एवढा शांत कुत्रा, अचानक कसा काय बिघडला.

चोक चेनबद्दल थोडक्यात. ती सरकत्या फासाची साखळी आहे. उलट्या बाजूने घातली तर ओढ गेल्यावरही सैल होत नाही. आपल्याकडे लोक ती चोवीस तास गळ्यात ठेवतात. गेटच्या सळईत किंवा ओढून ठेवलेल्या होडीच्या खुंट्यात कडी अडकली की कुत्रा धडपडतो, जितका धडपडेल तितका फास आवळतो. घरात असली तर आजच काढून टाका.

शॉकच्या पट्ट्यावर जरा थांबतो, कारण भाऊ चांगल्या मनाने सुचवतोय आणि ऑनलाइन तो सहज मिळतो. या पट्ट्याला आतून धातूची दोन बोंडं असतात. ती कातडीला सतत टेकलेली राहावी लागतात, म्हणून पट्टा घट्ट आवळावा लागतो. लॅबच्या दाट केसांत तर जास्तच. ऑगस्टमध्ये कुत्रा दिवसभर दमट, पट्टा घट्ट, बोंडं त्याच त्या जागी. खालची कातडी आधी लाल होते, मग चिकट, मग तिथे भोक पडल्यासारखी जखम. अशा दोन गोल जखमा असलेला कुत्रा माझ्याकडे आणला होता. मालकांना वाटत होतं करंटने भाजलं. खरं तर दाबाने कातडी मेली होती.

आणि जखमेपेक्षा वाईट भाग डोक्यात होतो. दाभोळ खाडीच्या बाजूला एका घरी जर्मन शेफर्ड दुचाक्यांमागे धावायचा, म्हणून हा पट्टा लावला होता. गाडी अंगणासमोरून जायची, कुत्रा उठायचा, बटण दाबलं जायचं. त्याने धावणं सोडलं, ते खरं. पण घरातलाच मुलगा गाडी लावून हेल्मेट डोक्यावर ठेवून पडवीत आला की कुत्रा कोपऱ्यात अंग चोरून दात दाखवायला लागला. झटका कशामुळे बसला, हे तुम्ही ठरवत नाही, कुत्रा ठरवतो. पुळणीवर तुमचा लॅब वाळूत खेळणाऱ्या पोराकडे धावताना तुम्ही बटण दाबलंत, तर झटक्याचं खापर तो हाक न ऐकण्यावर फोडेल की त्या पोरावर, सांगता येत नाही.

हाकेला न येणं, पाठलाग करणं, याच तक्रारींवर लिंकन विद्यापीठाने ६३ कुत्र्यांवर तुलना केली, तीही २०२० मध्येच छापली गेली. शॉकच्या गटातले प्रशिक्षक त्या पट्ट्यांच्या उत्पादकांनीच सुचवलेले होते, म्हणजे नवशिके हात नव्हते. तरी शॉकने जास्तीचं काही पदरात पडलं नाही. उलट खाऊवर शिकलेले कुत्रे पहिल्याच हाकेला आणि लवकर ऐकत होते. वेल्समध्ये हा पट्टा २०१० पासून बंद आहे. पशुवर्तनाचं काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट लिहिलं की सगळ्याच कुत्र्यांना बक्षीस देऊन शिकवावं, चावऱ्या कुत्र्यांनाही. भावाला एवढं दाखवा.

तोंडावरून जाणारा हेड हॉल्टर तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. तो चांगला आहे, पण मुसक्यासारखा दिसतो आणि बऱ्याच कुत्र्यांना आधी अजिबात आवडत नाही. पंजाने ओरबाडून काढायला बघतात. आठवडाभर फक्त नाक आत घालून खाऊ, घालून लगेच काढणं, असं केल्याशिवाय बाहेर नेऊ नका. वजनाने हलक्या माणसाला मोठा कुत्रा सांभाळायचा असेल, तर मी तो देतो. त्याला लांब दोरी मात्र कधीच लावायची नाही, धावत्या कुत्र्याची मान एकदम मुरगळते.

मार्टिंगेल नावाचा पट्टा असतो. ओढ बसली की थोडासाच आवळतो, ठरावीक मर्यादेपुढे नाही. मुधोळ, कारवान अशा कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा बारीक असतं, त्यांच्या गळ्यातून साधा पट्टा सहज निसटतो, त्यांच्यासाठी हा उत्तम. पूर्ण ताणल्यावर दोन्ही कड्या एकमेकींना जवळजवळ भिडाव्यात, पण टेकू नयेत, आणि पट्ट्याखाली दोन बोटं जावीत. तुमच्या लॅबला त्याची रोज गरज नाही. शिमग्यासाठी एक घेऊन ठेवायला हरकत नाही. त्याबद्दल पुढे सांगतो.

हार्नेस घेताना नुसतं ‘हार्नेस द्या’ म्हणू नका. पाठीवरच कडी असलेला मिळेल आणि तो ओढायलाच मदत करतो, बर्फावरच्या घसरगाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांना असाच पाठीवरून जुंपतात. छातीच्या मध्यावर, पुढच्या बाजूला कडी हवी. कुत्रा पुढे झेपावला की दोरी त्याचं अंग तुमच्याकडे वळवते, सरळ ओढायला जोरच सापडत नाही. दुसरं, पुढून बघितल्यावर पट्ट्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या उतरायला हव्यात. छातीवरून एकच आडवी पट्टी जाणारा प्रकार स्वस्त असतो, पण ती पट्टी खांद्याच्या सांध्यावर येते आणि पुढचा पाय पूर्ण पुढे टाकता येत नाही. घालून दहा पावलं चालवा आणि बाजूने बघा. पाऊल आखडतं पडत असेल, तर परत करा.

माप शिंपी घेतो त्या टेपने घ्या. छातीचा घेर पुढच्या पायांच्या मागे, सगळ्यात रुंद जागी. पोटाखालची पट्टी काखेला घासता कामा नये, मध्ये तीन-चार बोटांची जागा सोडा. सगळीकडे दोन बोटं सहज आत जावीत, मूठ नाही. दीड वर्षाचा लॅब अजून छातीत भरतो आहे, तेव्हा महिन्यातून एकदा पट्ट्या तपासा. पहिले दोन दिवस घरात, जेवणाच्या वेळी घाला. मागे-मागे सरकून अंग काढून घेण्याची सवय असेल, तर छातीची कडी आणि गळ्यातला पट्टा छोट्या दुव्याने जोडा, म्हणजे एकातून निसटला तरी दुसऱ्यात राहील.

आता आपल्याकडचा मुद्दा. रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, उरलेले आठ महिने मिठाची हवा. चामड्याचा पट्टा दिसायला देखणा, पण जूनमध्ये टांगून ठेवलात की जुलैत त्यावर हिरवट बुरशी. नायलॉन भिजतं, वाळतं, चालतं, पण वाळूचे कण विणीत शिरून आतून धागे कापतात, वरून कळत नाही. बोटाने दुमडून बघा, दुमडीवर लव उठली असेल तर बदला. मला इथे सगळ्यात उपयोगी वाटतो तो प्लास्टिकचा थर दिलेला पट्टा. पाणी पीत नाही, वास धरत नाही, फडक्याने पुसला की झालं.

धातूकडे मात्र खास लक्ष द्या. चकचकीत हुक बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा असतो, वरून निकेलचा मुलामा. त्याला लोहचुंबक चिकटत नाही म्हणून लोक तो पितळेचा किंवा स्टेनलेस स्टीलचा समजून फसतात. हातात तो हलका लागतो, आणि तुटतो तेव्हा आधी वाकत नाही, एकदम तुटतो. भरीव पितळ किंवा स्टेनलेस स्टील घ्या. शहरातल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात नाही मिळालं, तर हर्णै किंवा मिरकरवाड्यासारख्या बंदरात होड्यांचं सामान विकतात तिथे विचारा, तिथला माल खाऱ्या पाण्यासाठीच केलेला असतो. हुकाच्या आतली बारीक स्प्रिंग मिठाने आखडते. खटका दाबून सोडला की तो टक्कन मिटला पाहिजे. अर्ध्यावर अडकत असेल, तर त्या हुकाला कुत्रा लावू नका. पुळणीवरून आलात की कुत्र्याच्या पायांबरोबर हार्नेस आणि हुकही गोड्या पाण्याने धुवा.

पट्ट्याखालची कातडी आठवड्यातून दोनदा तरी बघा, पावसात रोज. केस बाजूला सारले की खाली चिकट ओलसर चट्टा, उग्र वास, किंवा पट्ट्याच्या कडेला दाण्यासारखी गोचीड दिसेल. गोचीड तापाने आपल्याकडे कुत्री दगावतात, ते हलक्यात घेऊ नका. आणि गोचिडांसाठी मिळणारा औषधी पट्टा वेगळा, त्याला दोरी लावायची नसते.

रस्त्यावरचा सराव सोपा आहे, कंटाळवाणा आहे. दोरी ताणली की थांबायचं, एकही पाऊल पुढे नाही, ओरडणं नाही, हिसका नाही. त्याने मागे बघितलं, दोरी सैल झाली, की ‘शाब्बास’ म्हणून गुडघ्याजवळ खाऊ, आणि चाला. पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंतही पोहोचणार नाही, चालेल. घरातल्या सगळ्यांनी हेच केलं पाहिजे. एकाने ओढू दिलं की त्याला लॉटरी लागल्यासारखं होतं आणि तो आणखी नेटाने ओढतो. खाऊ म्हणून भाजलेला जवळा ठेवा, नुसता उन्हात वाळवलेला, मीठ न लावलेला. बिस्किटांकडे ढुंकून न बघणारा कुत्रा त्याच्यासाठी मांजराकडे पाठ फिरवतो. तुमच्या खिशाला वास येईल, त्याला इलाज नाही.

हाकेसाठी ती दहा मीटरची दोरी. ती नेहमी हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला लावायची, म्हणून छाती आणि पाठ अशा दोन्ही कड्या असलेला हार्नेस घ्या. सुती दोरी भिजली की जड होते, काथ्याने हात सोलवटतात. सपाट, न भिजणारी पट्टी बरी, आणि हातात मोजे. बटणाने आत-बाहेर होणारी गुंडाळीची दोरी ३२ किलोच्या कुत्र्याला नको, पकड सुटली तर ती डबी त्याच्या मागे खडखडत जाते आणि तो आणखी उधळतो. त्याचं लक्ष नसताना एकदाच नाव घ्या. वळला तर मूठभर जवळा आणि लगेच परत मोकळा, कारण बोलावलं म्हणजे खेळ संपला असं त्याला वाटू लागलं की तो येणारच नाही. नाही वळला तर ओढून आणू नका, तुम्ही उलट दिशेला धावा. सलग दोन-तीन आठवडे पहिल्या हाकेला येऊ लागला की दोरी सोडा, पण वाळूत घासटत राहू दे.

सरावाची वेळ घड्याळावर नको, पाण्यावर ठरवा. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, आपल्या किनाऱ्यावर ओहोटी साधारण सकाळी लवकर आणि संध्याकाळी येते, पाणी खूप मागे जातं, घट्ट ओली वाळू मिळते, दोरी गुंतत नाही आणि माणसंही कमी असतात. नव्या कुत्र्याचा पहिला सराव मी त्याच दिवसांत धरतो.

कासवांच्या हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते मे, पुळणीवर कुत्रा मोकळा सोडूच नका, कितीही शिकलेला असो. गुहागर, आंजर्ले, वेळास इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि कुत्र्याला ती उकरायला काही मिनिटं पुरतात. वेळासला सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ मध्ये संरक्षणाचं काम सुरू केलं, आता गावोगावची मंडळी रात्री किनारा फिरून अंडी कुंपणात हलवतात. त्यांच्या मेहनतीवर आपल्या लाडक्याने पाणी फिरवायला नको. शिवाय हे कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं.

शिमग्यात पालखी अंगणात येते, ढोल थेट कानाशी वाजतो. गणपतीत फटाके. घाबरलेला कुत्रा मागे रेटतो, मान खाली घालतो आणि साधा पट्टा डोक्यावरून सटकून जातो, मग तो दोन-दोन दिवस सापडत नाही. त्या दिवसांत मार्टिंगेल आणि हार्नेस दोन्ही घाला, दोन्हीला दोरी लावा, आणि शक्यतो पालखी येण्याआधीच त्याला आतल्या खोलीत पंखा लावून ठेवा.

घरी आल्यावर हार्नेस काढायचा, गळ्यात फक्त साधा पट्टा राहू दे. बांधून ठेवायची वेळ आलीच तर त्या पट्ट्याला, फिरती कडी असलेल्या लांब, हलक्या साखळीने, सावलीत आणि थोडा वेळ. प्राण्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने फार वेळ बांधणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, आणि कायमच्या बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणंही. रात्री मात्र अंगणात बांधूच नका. आपल्या वाड्यांत बिबट्या फिरतो, आणि साखळीच्या कुत्र्याला पळताही येत नाही. पडवीचं दार लावून आत घ्या. तिथेच हार्नेस वाळत टाका, पण खुंटी जरा उंच बघा. जवळ्याचा वास लागलेला पट्टा लॅबच्या तोंडाला लागला, तर सकाळी नवा आणावा लागेल.